अहिल्यानगर किती बाइटचं? पायथनमधून सी-लायब्ररीला नावांची यादी देताना

संगमनेरहून आजचा भाग, नेहमीप्रमाणे लिहून.

आजचा प्रश्न असा: पायथनमध्ये नावांची यादी आहे आणि ती सी-मध्ये लिहिलेल्या, कंपाइल केलेल्या लायब्ररीला द्यायची आहे. आकड्यांची यादी सहज जाते. नावांची अडते. का?

आकडे म्हणजे टोमॅटोचे क्रेट. सगळे एका मापाचे, ओळीत लावलेले. दहावा हवा तर मोजत जायचं. नावं म्हणजे लहान-मोठ्या गोण्या, वेगवेगळ्या गोदामांत पडलेल्या. मग सी-ला काय देतो? प्रत्येक गोणीचा पत्ता लिहिलेली एक चिठ्ठी. यालाच पॉइंटरचा ॲरे म्हणतात. पायथनच्या सी-टाइप्स मॉड्यूलमध्ये हाच ॲरे आपण हाताने बनवतो.

पण चिठ्ठीवर पत्ते किती, हे सी-ला कळत नाही. म्हणून पहिला करार: संख्या. ती वेगळी पाठवा, नाहीतर यादीच्या शेवटी रिकामा पॉइंटर ठेवा. लायब्ररीला यातलं कोणतं हवंय, ते तिच्या हेडर फाइलमध्ये आणि डॉक्युमेंटेशनमध्ये बघायचं.

दुसरा करार: बाइट. इथे मराठी माणूस हमखास अडकतो. पायथनची स्ट्रिंग अक्षरचिन्हं मोजते, सी बाइट मोजतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं. काना, मात्रा, हलन्तसुद्धा. आपल्या जिल्ह्याचंच बघा. 'अहमदनगर' म्हणजे 7 चिन्हं, 21 बाइट. 2024 मध्ये नाव बदलून 'अहिल्यानगर' झालं: 10 चिन्हं, 30 बाइट. शिवाय सी-ला नाव संपल्याची खूण म्हणून शेवटी एक शून्य बाइट लागतो.

आता काही लायब्ररी चिठ्ठी घेतच नाहीत, ठरावीक रुंदीचे कप्पे मागतात. फोर्ट्रानची तर ही जुनी पद्धत: सगळी नावं एकाच लांबीची, उरलेली जागा स्पेसने भरायची. समजा, सी-लायब्ररीत कप्पा 24 बाइटचा आहे. अहमदनगर शून्यासकट 22 मध्ये आरामात बसायचं. अहिल्यानगरला 31 लागतात. 23 बाइटवर कापून शून्य लावलं, तर उरतं 'अहिल्या' आणि पुढे 'न'चे दोन तुटके बाइट. पायथन ते परत वाचताना एरर देतो. न कापता तसंच कोंबलं, तर शेजारच्या कप्प्यावर सांडतं. 'औरंगाबाद'ची गंमत वेगळीच: बरोबर 24 बाइट, म्हणजे शून्यालाच जागा नाही! मग सी न थांबता पुढच्या नावातही वाचत जातं.

म्हणून आधी एन्कोड करा, मग लांबी मोजा. न एन्कोड केलेली स्ट्रिंग दिली तर सी-टाइप्स लगेच अडवतं. पण चुकीची लांबी दिली तर कुणी अडवत नाही. तो धोका मोठा.

तिसरा करार: मालकी. गोण्या पायथनच्या आहेत. फंक्शन परत आल्यावरही लायब्ररी ते पत्ते जपून ठेवणार असेल, तर पायथनमधला ॲरे तोवर व्हेरिएबलमध्ये जिवंत ठेवा. नाहीतर पायथन गोदाम रिकामं करतो आणि सी-च्या हातात जुना पत्ता उरतो. उलट, लायब्ररीने स्वतः जागा घेऊन यादी परत दिली, तर ती जागा तिच्याच फंक्शनने मोकळी करायची, आपल्या मनाने नाही.

किती, कोणते बाइट, कुणाचे: कोड लिहिण्याआधी हे तीन प्रश्न विचारायचे. आणि टेस्ट करताना 'एबीसी' नका देऊ, बरं का. 'छत्रपती संभाजीनगर' द्या: स्पेस धरून 49 बाइट. इंग्रजी नावांवर पास झालेला कोड एखाद्याच्या दाखल्यावर गावाचं नाव अर्धं छापू शकतो, आणि हेलपाटे त्या माणसाला पडतात.

भेटू पुढच्या भागात!