वेशीची राखण आणि अर्जातला रकाना

सुरक्षारक्षक प्रशिक्षणाच्या एका शाळेत वस्तीतली दोन पोरे घेऊन मी गेलो होतो. एक आमच्यातला, दुसरा पारध्याचा. आमच्यातल्याचा पणजोबा वेसकर. घुंगरांची काठी घेऊन गावाची वेस राखायची, बदल्यात भाकरी मागून आणायची. १९५८ च्या कायद्याने महार वतन गेले. आज राखण करायला जात नव्हे, प्रमाणपत्र लागते. हे मला मोलाचे वाटते, म्हणूनच अर्ज नीट वाचला.

खाजगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या कायद्याप्रमाणे रक्षक १८ ते ६५ वयाचा भारतीय नागरिक हवा. केंद्राच्या २००६ च्या नमुना नियमांनी प्रशिक्षण ठरवले ते वर्गात १०० तास, प्रत्यक्ष कामावर ६० तास, किमान २० दिवसांत. पुरुषाची उंची १६० सेंटिमीटर. इथवर दोघेही बसत होते.

पुढे ‘चारित्र्य व पूर्वेतिहास’ हा रकाना. आमच्या पोराची पावती लगेच फाडली. पारध्याच्या पोराचे आडनाव वाचून कारकून म्हणाला, “आधी ठाण्याचा दाखला आणा.” गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला १९५२ साली, कारकुनाच्या डोक्यातला अजून चालूच! वास्तविक चारित्र्याची खातरजमा नोकरी देणाऱ्या एजन्सीने करायची असते, आणि तीही सगळ्यांची. कायदा अडवतो तो कोर्टाने दोषी ठरवलेल्याला. जमातीवरून संशय घ्यायला त्यात कलम नाही. हे मी सांगितले. “साहेबांना विचारतो,” एवढेच उत्तर मिळाले.

दाखला आला तोवर ती तुकडी संपली होती. पुढच्या तुकडीत त्याचे नाव आहे. ठाण्याच्या खेपांत बुडालेली मजुरी मात्र बुडालीच.