नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

बँकेच्या दैनंदिन व्यवहारात काही इंग्रजी शब्द इतके रुळले आहेत, की त्यांचा नेमका अर्थ विचारण्याची गरज कोणासही भासत नाही. ‘नॉमिनी’ हा त्यांपैकी अग्रगण्य शब्द होय. खाते उघडण्याच्या अर्जातील हा रकाना भरताना ‘आपल्या पश्चात ही रक्कम ज्याला मिळावी तो’ असाच अर्थ बहुतेक ठेवीदारांच्या मनात असतो. यातील ‘मिळावी’ हे क्रियापद फसवे आहे. रक्कम हाती मिळणे निराळे आणि ती मालकीची होणे निराळे. इंग्रजीत या दोहोंसाठी दोन स्वतंत्र शब्द आहेत. रक्कम स्वीकारणारा तो नॉमिनी आणि तिचा कायदेशीर हक्कदार तो एअर, म्हणजेच वारस. (या दुसऱ्या शब्दातील आरंभीचे ‘एच’ हे अक्षर अनुच्चारित आहे. अनेक शाखांत सर्रास ऐकू येणारा ‘लीगल हेअर’ हा उच्चार शब्दशः घेतल्यास ‘कायदेशीर केस’ असा अर्थ होईल!)

‘नॉमिनी’ या शब्दाच्या मुळाशी ‘नोमेन’ हा लॅटिन शब्द असून संस्कृत ‘नामन्’ आणि आपले ‘नाव’ ही त्याचीच भावंडे आहेत. शब्दाच्या अखेरीस येणारा ‘ई’ हा प्रत्ययही लक्षात घेण्यासारखा आहे. पैसे ज्याला द्यावयाचे तो पेयी, ज्याला कामावर नेमले तो एम्प्लॉयी, तसा ज्याचे नाव सुचविले तो नॉमिनी. म्हणजे नाव सुचविण्यापलीकडे या शब्दात काहीच नाही. याउलट वारस हा कोणी सुचवून होत नाही. मृत्युपत्र नसेल, तर तो नात्याने आणि कायद्याने ठरतो. सात-बाराच्या उताऱ्यावर वारसनोंद करताना हा भेद कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. बँकेच्या पासबुकाबाबत मात्र तो विसरला जातो.

या विस्मरणाची किंमत केवढी असू शकते, हे एका कल्पित उदाहरणावरून ध्यानात येईल. समजा, इंदूर येथे नोकरीस असलेल्या एका अविवाहित तरुणाने बचत खाते उघडताना धाकट्या भावाचे नाव नॉमिनी म्हणून दिले. पुढे त्याचा विवाह झाला, कन्यारत्न झाले, ठेव वाढत वाढत ९ लाखांवर गेली. पण अर्जातील नाव तेच राहिले. मृत्युपत्र न करताच त्याचे अकाली निधन झाले, तर बँक ही रक्कम नियमानुसार भावाच्या स्वाधीन करील, आणि त्यात बँकेची काहीही चूक नसेल. तथापि हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ अन्वये त्याच्या स्वकष्टार्जित रकमेवर आई, पत्नी आणि कन्या या तिघींचा समान हक्क आहे. प्रत्येकीचा हिस्सा ३ लाखांचा. भावाचा स्वतःचा हिस्सा शून्य. त्याने ती रक्कम विश्वस्ताप्रमाणे या तिघींना देणे अपेक्षित आहे. न दिल्यास त्यांना न्यायालयाचा दरवाजा ठोठवावा लागेल, तोही बँकेविरुद्ध नव्हे, तर घरच्याच माणसाविरुद्ध.

मग नॉमिनीची तरतूद हवीच कशाला, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. तिचा हेतू मालकी ठरविणे हा नसून रक्कम अडकून न पडणे हा आहे. वारस कोण हे ठरविण्याचे कायदे आपल्या देशात एकसारखे नाहीत. हिंदूंना १९५६ चा अधिनियम लागू होतो. ख्रिस्ती व पारशी समाजांसाठी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ यात निरनिराळे नियम आहेत. मुस्लिमांचा व्यक्तिगत कायदा वेगळा, आणि गोव्यात तर पोर्तुगीज परंपरेतून आलेली स्वतंत्र व्यवस्था. काउंटरवरील अधिकाऱ्याने या सर्वांचा निवाडा करीत बसावे, ही अपेक्षा अवाजवी ठरेल. म्हणून बँकिंग विनियमन अधिनियम, १९४९ मध्ये १९८३ च्या दुरुस्तीने कलम ४५ झेडए व त्यापुढील कलमे घालण्यात आली. त्यांनुसार नॉमिनीला रक्कम दिली, की बँक आपल्या दायित्वातून मुक्त होते. उत्तराधिकार प्रमाणपत्रासाठी कुटुंबाला खेटे घालावे लागत नाहीत. मात्र ज्याच्या हाती रक्कम पडली, त्याच्याविरुद्धचा इतरांचा हक्क याच कलमाने अबाधित ठेवला आहे.

सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका सातत्याने घेतली आहे. आयुर्विम्याबाबत १९८३ मध्ये सरबती देवी प्रकरणात, बँकेतील ठेवींबाबत २०१० मध्ये रामचंदर तलवार प्रकरणात, तर कंपन्यांच्या समभागांबाबत डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या कायदादुरुस्तीने एक अपवाद निर्माण केला. विमाधारकाने स्वतःच्या आयुष्यावर घेतलेल्या विम्यात आई-वडील, पती वा पत्नी किंवा अपत्ये यांना नॉमिनी केले असल्यास, सर्वसाधारणपणे ती रक्कम त्यांच्याच मालकीची होते. तेथे ‘बेनिफिशिअल नॉमिनी’ असा जोडशब्द योजला जातो. यातील ‘बेनिफिशिअल’ची गल्लत नेट बँकिंगमधील ‘बेनिफिशिअरी’शी होऊ नये. तो बापडा केवळ ज्याच्या खात्यात पैसे पाठवायचे तो.

संयुक्त खात्यातील ‘सर्व्हायव्हर’ हाही असाच निसटता शब्द. ‘ईदर ऑर सर्व्हायव्हर’ या सूचनेनुसार दोघांपैकी कोणीही खाते चालवू शकतो, तर ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’मध्ये पहिल्या खातेदाराच्या हयातीत दुसऱ्याला खात्याला हात लावता येत नाही. एकाच्या निधनानंतर मागे राहिलेल्याला रक्कम मिळते, परंतु केवळ तेवढ्याने मृताच्या वारसांचे हक्क संपत नाहीत. संयुक्त खात्याला नॉमिनी असल्यास त्याची पाळी सर्व खातेदारांच्या मृत्यूनंतरच येते, हेही अनेकांना ठाऊक नसते.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी नेमण्याची मुभा मिळाली आहे. ठेवींसाठी ते एकत्रितपणे, प्रत्येकाची टक्केवारी नमूद करून नेमता येतात, किंवा एकापाठोपाठ एक अशा क्रमाने. लॉकरसाठी केवळ क्रमवार पद्धतच उपलब्ध आहे. सोय उत्तम आहे; परंतु टक्केवारीचा तो रकाना पाहून वाटणीपत्र केल्याचे समाधान ठेवीदाराला लाभण्याचा संभव अधिक. टक्केवारी ही बँकेने कोणाच्या हाती किती द्यावे एवढेच सांगते. मालकीचे वाटप ठेवीदाराच्या मर्जीप्रमाणे व्हावयाचे असेल, तर दोन साक्षीदारांसमक्ष केलेले मृत्युपत्र हाच त्याचा मार्ग होय, आणि त्यातील नावे नॉमिनेशनच्या नावांशी जुळती असल्यास घरातील पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

वरील उदाहरणातील तरुणाला विवाहानंतर केव्हाही शाखेत येऊन नॉमिनी बदलता आला असता. नॉमिनी बदलण्यास जुन्या नॉमिनीची संमती लागत नाही. त्याला कळविण्याचेही बंधन नाही. ठेवीदार सही करणारा असल्यास या अर्जावर साक्षीदाराची गरज नसते; अंगठा उठविणाऱ्यासाठी मात्र दोन साक्षीदार लागतात. ‘नॉमिनेशन रजिस्टर्ड’ हा शेरा पासबुकावर असतो. त्यामागे नोंदलेले नाव कोणाचे, हे शाखेत विचारून खात्री करून घेता येते.