धर्मादाय दवाखान्याच्या व्यवस्थापकांचा एक दिवस

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले : भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी. धर्मादाय दवाखान्यात या चौघांची गाठ घालून देतो तो व्यवस्थापक. ज्या दवाखान्यात आम्ही आठवड्यातून एकदा विनामूल्य रुग्णसेवा करतो, तेथील व्यवस्थापकांसमवेत नुकताच एक पूर्ण दिवस घालविला.

सकाळी ८ वाजता ते कुलूप उघडतात, केसपेपर मांडतात. दुपारी देणगीदारांच्या पावत्या व रोजकीर्द. त्यानंतर देणगीदाखल आलेली औषधे साठावहीत नोंदविताना ते एका खोक्यापाशी थबकले. त्रिफळा चूर्ण, मुदत संपण्यास अवघे २० दिवस. चूर्णाची वापरमुदत नियमानुसार २ वर्षे, आणि रुग्णास तर ते महिनाभर घ्यावयाचे! खोके त्यांनी बाजूला ठेवले. ते आमच्याच औषधालयातून आले होते.

"डॉक्टरसाहेब, फुकट घेणारा तक्रार करीत नाही, म्हणून आपणच पाहावयाचे," एवढेच ते म्हणाले, आणि विजेच्या बिलाकडे वळले.

दुसऱ्याच दिवशी आम्ही ते खोके बदलून दिले. वैद्यबंधूंनो, औषधविक्रेतेहो, दान देण्यापूर्वी आपणही वेष्टनावरील तारीख अवश्य वाचावी, ही नम्र विनंती.