उघडिपीचे दिवस

मराठी घरातली दिवाळी कशावर चालते, असं विचारलं तर तुपावर, तेलावर, बोनसवर अशी उत्तरं मिळतील. माझं उत्तर कोरड्या हवेवर, असं आहे. चकली कुरकुरीत राहते, अनारशाच्या पिठाला वास येत नाही, कंदिलाचा कागद सुरकुतत नाही, अंगणातला मातीचा किल्ला वाहून जात नाही, याचं कारण एकच: पाऊस गेलेला असतो. आश्विन आणि कार्तिक हे शरदाचे दोन महिने. चार महिने घरात कोंडलेली माणसं या काळात बाहेर येतात, भिंती वाळतात, गाद्यांना ऊन लागतं आणि शेतातलं नवं धान्य घरात येतं. या दिवसांतल्या आपल्या साऱ्या घरगुती मौजा, म्हणजे रांधणं, हातानं काही करणं आणि चार माणसं मिळून कुठेतरी जाणं, या उघडिपीला बांधलेल्या आहेत. म्हणून हा आढावा पंचांगाइतकाच आकाशाकडे बघून घेतला आहे.

आकाशाचं मात्र हल्ली काही खरं नाही. हवामान खात्यानं 2020 साली मोसमी पावसाच्या तारखा नव्यानं ठरवल्या. पश्चिम राजस्थानातून पाऊस परतायला लागण्याची सर्वसाधारण तारीख 1 सप्टेंबरवरून 17 सप्टेंबरवर गेली आणि मुंबईतून तो जाण्याची तारीख 8 ऑक्टोबर झाली. 2019 ची दिवाळी तर पावसातच गेली. काढलेलं सोयाबीन शेतात भिजलं आणि शहरात कंदिलांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढल्या. शेतकऱ्याच्या नुकसानीपुढे मऊ पडलेल्या चिवड्याचं दुःख कोणी सांगू नये, पण दोन्हींचं कारण एकच होतं.

सुरुवात हस्तापासून करू. सूर्य साधारण 27 सप्टेंबरला हस्त नक्षत्रात जातो आणि 10 ऑक्टोबरच्या आसपास बाहेर पडतो. या दिवसांत पश्चिम महाराष्ट्रात मुलींचा भोंडला. त्यालाच कुठे हादगा म्हणतात. पाटावर हत्ती काढायचा किंवा भिंतीवर हत्तीचं चित्र लावून त्याला फळांच्या, फुलांच्या माळा घालायच्या, भोवती फेर धरायचा आणि गाणी संपली की खिरापत ओळखायची. विदर्भात आणि खानदेशात हाच उत्साह भुलाबाईच्या, गुलाबाईच्या नावानं भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर चालतो. तिथे हत्तीऐवजी मातीची जोडमूर्ती असते, भुलोजी आणि भुलाबाई, आणि ज्वारीच्या धांड्यांचा मखर. ज्या भागात जे पीक उभं, त्याचाच मखर होणार.

हस्त सूर्यावर चालतं आणि नवरात्र चंद्रावर. त्यामुळे अधिक महिन्याच्या वर्षी दोघांची चुकामूक होते. 2023 मध्ये अधिक श्रावण आल्यानं घटस्थापना 15 ऑक्टोबरला झाली. तोवर हस्त संपलेलंही होतं. भोंडला कोणाच्या बाजूनं खेळायचा, हा प्रश्न त्या वर्षी बहुतेक सोसायट्यांनी शनिवार-रविवारच्या बाजूनं सोडवला.

भोंडल्यातला मला सर्वांत आवडणारा भाग खिरापतीचा. झाकलेला डबा हलवून आवाज ऐकायचा आणि आतलं काय ते सांगायचं. गोड की तिखट, तळलेलं की उकडलेलं, चमच्यानं खायचं की हातानं, अशा प्रश्नांनी कोंडी करत जायचं. काही घरांत पहिल्या दिवशी एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, अशी चढती भाजणी असे. ज्या आईची खिरापत कोणालाच ओळखता आली नाही, तिचा त्या संध्याकाळचा मान मोठा. म्हणून मग डाळिंबाच्या दाण्यांत ओल्या शेंगदाण्यांसारखे बेमालूम मेळ घातले जात, वाटली डाळ वाटीत थापून उलटी काढली जाई. बक्षीस नाही, परीक्षक नाही, पण एवढी कल्पक पाकस्पर्धा टीव्हीवर अजून दिसलेली नाही. आता भोंडल्याला स्पीकर आले, जुळ्या रंगांच्या साड्या आल्या. त्याला माझी हरकत नाही. खिरापत केटररकडून येते आणि तिचं नाव आधीच ग्रुपवर जाहीर होतं, याला आहे.

कोजागिरीबद्दल फार लिहायला नको. आटवलेलं दूध, केशर, जायफळ, चारोळी, आणि ते प्यायला गच्ची. गच्चीला कुलूप लावणाऱ्या सोसायट्याही त्या रात्री किल्ली देतात. घरातल्या थोरल्या अपत्याला त्या दिवशी ओवाळतात आणि धाकट्यांच्या कपाळावरच्या आठ्या दर वर्षी त्याच असतात. कोकणात हीच नवान्न पौर्णिमा. भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस, आंब्याचं पान, कुरडूचं फूल अशी जुडी दाराला बांधायची. याला ‘नवं’ म्हणतात. त्या दिवशी नव्या तांदळाचा भात होतो. नव्या तांदळाचा भात चिकट होतो आणि पाणी कमी लागतं, हे सांगणारं माणूस घरात असलं म्हणजे बरं.

बाहेर पडायचं म्हणाल तर याच दिवसांत सातारची वाट गजबजते. शहरापासून सुमारे 25 किलोमीटरवरचं, समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरच्या आसपास असलेलं कासचं पठार ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलतं. 2012 मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात कासही आहे. पठार म्हणजे जांभ्याचा सडा. वर मातीचा पातळ थर, तोही निकस. झाडाला मूळ धरायला जागा नाही, म्हणून बोटभर उंचीच्या वनस्पतींचं तिथे राज्य. तेरड्याचा गुलाबी पट्टा, सोनकीचा पिवळा, गेंदाचे पांढरे ठिपके आणि ओलसर जागी सीतेच्या आसवांची निळी-जांभळी झाक. ही सीतेची आसवं दिसायला नाजूक, पण वनस्पती कीटकभक्षी आहे. मातीत नत्र मिळत नाही, ते ती पाण्यातल्या सूक्ष्म जिवांकडून मिळवते. मुलांना हे सांगितलं की फोटो काढणं थांबतं आणि माणसं गुडघ्यावर बसतात. फुलं पाहायची योग्य उंची तीच.

कासला जायचं तर ऑनलाइन नोंदणी करून आणि शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी. रविवारी तिथे फुलांपेक्षा टोप्या जास्त दिसतात. पर्यटकांच्या रोजच्या संख्येला मर्यादा घातल्यावर ओरड झाली, पण सड्यावर पाय पडला की तिथलं रोप पुढच्या वर्षाचं बी धरत नाही. माझ्या मते मर्यादा अजून कडक हवी. आणि कासच कशाला? सह्याद्रीच्या माथ्यावर, कोकणात रत्नागिरी-राजापूरच्या बाजूला नाव नसलेले सडे कितीतरी आहेत. तिथे तिकीट नाही, तसं वडापावही नाही, म्हणून घरून डबा न्यावा. सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी ज्या वर्षी एखाद्या डोंगरउतारावर येते, त्या वर्षी तो डोंगर ओळखू येत नाही. घरातलं मूल पुढच्या बहराला केवढं असेल, हा हिशेब तिथे आपोआप होतो.

दसरा झाला की घराचा मोर्चा स्वयंपाकघराकडे वळतो. फराळाच्या ताटातले सगळे पदार्थ सारखे नाहीत. शंकरपाळे आणि चिवडा हे सज्जन. थोडं लक्ष दिलं की होतात. चकलीची गोष्ट वेगळी. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची, वर धणे-जिरे, हे सगळं वेगवेगळं खमंग भाजून दळायचं. कोणाच्या घरी मुगाची डाळ जाते, कोणाच्या पोहे. मोहन जास्त पडलं तर चकली तेलात विरघळते, कमी पडलं तर दाताची परीक्षा घेते. गिरणीवाल्याला ‘भाजणी आहे, गव्हावर टाकू नका’ असं बजावण्याचं काम पूर्वी मुलांकडे असे. त्या रांगेत उभं राहून अर्ध्या आळीच्या फराळाची बातमी मिळे.

आणि अनारसे. यासारखा हट्टी पदार्थ आपल्याकडे दुसरा नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. तेवढ्यात ते किंचित आंबतात, आणि जाळी पडण्याचं बरंचसं श्रेय त्या आंबण्याला आहे. मग निथळून कापडावर सावलीत पसरायचे, पूर्ण वाळू न देता ओलसर असतानाच कुटून चाळायचे, किसलेला गूळ आणि थोडं तूप घालून गोळा बांधून चार-पाच दिवस डब्यात ठेवायचा. गूळ ओलावा सोडतो, पीठ तो धरतं आणि गोळा आपोआप मऊ होतो. हवा दमट असेल तर तो वाजवीपेक्षा मऊ होतो आणि मंद तुपात सोडलेला अनारसा पसरून फुटतो. अनारसा हसला, असं म्हणतात. करणारी मात्र हसत नाही. खसखशीची बाजू वर ठेवून झाऱ्यानं तूप उडवत तळायचा, उलटायचा नाही. हे सारं वाचून कळत नाही. 1970 साली आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’नं वाटी-चमच्याचं माप देऊन लाखो स्वयंपाकघरांची भीती घालवली, पण अनारशाचं पीठ झालं की नाही, हे शेवटी बोटांनाच विचारावं लागतं.

करंजी हा मुळात एकटीनं करण्याचा पदार्थ नव्हे. एकीनं साटा लावून पोळी लाटायची, दुसरीनं सारण भरायचं, तिसरीनं कातण्यानं कापून ओल्या फडक्याखाली झाकायचं, चौथी कढईपाशी. म्हणून आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे अशी पाळी लागे आणि बायका आपापलं पोळपाट-लाटणं काखेत मारून दुपारी जमत. शेवटच्या लाटीचा एक मोदक करायचा, तशी मोदकांत एक मुरडलेली करंजीही असतेच. त्या दुपारच्या गप्पा हा फराळाचा खरा मेवा होता, असं पुष्कळजणींकडून ऐकलं आहे. त्याच बायका हेही सांगतात की दिवाळीच्या पहाटे त्यांचे पाय सुजलेले असत, आणि ताटाभोवती बसून चकलीला नावं ठेवणाऱ्यांपैकी एकानंही कधी भाजणी भाजलेली नसे. ‘साधे घरगुती आनंद’ हे शब्द वापरताना ते कोणाच्या पाठीवर उभे होते, हे विसरून चालत नाही. म्हणून बचत गटाकडून फराळ विकत आणणाऱ्या घराला नाक मुरडणं मला पटत नाही. त्या पैशातून दुसऱ्या एका घराची दिवाळी होते. पण बहुतेक घरांनी एक पदार्थ हातचा सोडलेला नाही, हेही दिसतं. कुठे बेसनाचे लाडू, कुठे कडबोळी. आणि तो करायला आता मुलगा-जावईही बसतात, हा बदल ज्यांना खुपतो त्यांनी एकदा सलग दीड तास बेसन भाजून पाहावं.

फराळाच्या यादीत दक्षिण कोकण आणि गोवा थोडा निराळा बसतो. तिथे नरकचतुर्दशीची पहाट पोह्यांची, आणि पोहेही नव्या भाताचे. दुधातले, दह्यातले, गूळखोबऱ्याचे, नारळाच्या रसातले, फोडणीचे. गोव्यात रात्रभर मिरवलेला नरकासुर पहाटे जळतो, तुळशीपाशी कारीट पायाच्या अंगठ्यानं फोडलं जातं आणि शेजारपाजारच्या घरी पोहे खात फिरणं सुरू होतं. तळणाचा घाणा न काढता सण साजरा होतो, याचा हा पुरावा आमच्या देशावरच्या मंडळींनी जरूर तपासावा.

हातकामात पहिला मान कंदिलाचा. बांबूच्या कामट्या दोऱ्यानं बांधून सांगाडा, पतंगी कागद, मैद्याची खळ, खाली झिरमिळ्या. सगळं वजन एका दोरीवर तोललं जायचं, म्हणजे एक कामटी बोटभर लांब राहिली की कंदील आयुष्यभर मान वाकडी करून राहणार. भूमितीचा असा धडा शाळेत मिळत नाही. मुंबईत माहीमच्या कंदील गल्लीत तयार कंदिलांच्या रांगा लागतात आणि तिथला कारागिरांचा हात पाहण्यासारखा असतो. पण घरी केलेल्या कंदिलाची वाकडी मान कौतुकानं दाखवली जाते.

किल्ल्याचं वेड मुख्यतः पुणे-सातारा-कोल्हापूरकडचं. विटा-दगड रचायचे, चिखलात बुडवलेलं गोणपाट वर टाकायचं, आळीव किंवा मोहरी पेरायची. चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा होतो. 11 जुलै 2025 ला युनेस्कोनं मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले, रायगड-राजगडापासून खांदेरी-सिंधुदुर्गापर्यंत, आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. त्यामुळे हुबेहूब प्रतिकृतींना जोर येणार हे दिसतंच आहे. स्पर्धांचे परीक्षक नकाशे घेऊन येतील. मला मात्र तो जुना, कुठल्याच नकाशात नसलेला किल्ला जवळचा वाटतो. त्यात सिंहासनाच्या पायऱ्यांशी गवळण उभी असते, गुहेतला वाघ मावळ्यापेक्षा दुप्पट मोठा असतो आणि तळ्याकाठी कोणीतरी खेळण्यातली रुग्णवाहिका लावून ठेवलेली असते. इतिहास चुकतो, पण लढाईत जखमींची सोय करणारा तो एकच किल्ला.

पाडवा-भाऊबीज झाली की बहुतेक लोक दिवाळी संपली असं धरतात. कार्तिकाचे जवळजवळ चार आठवडे शिल्लक असतात, आणि माझ्या लेखी ते सर्वांत मोकळे. तुळशीच्या लग्नाला ऊस, चिंचा, आवळे लागतात, म्हणजे बाजारात काय आलंय ते कळतं. त्रिपुरी पौर्णिमेला कोल्हापुरात पंचगंगेचा घाट पणत्यांनी भरतो. आणि याच महिन्यात आवळीभोजन. आवळीच्या झाडाखाली पूजा करून तिथेच पंगत मांडायची. यात देवाधर्मापेक्षा सहलीचा वाटा मोठा होता. घराबाहेर जेवायला बायकांना मिळणारं ते वर्षातलं एखादंच निमित्त. शहरात आता आवळीचं झाड शोधत महिला मंडळं कृषी महाविद्यालयाच्या बागेपासून ओळखीच्या फार्महाउसपर्यंत पोचतात. कोणी कुंडीत फांदी रोवूनही भागवतं. मेनू ठरलेला नाही, पण वांग्याचं भरीत, भाकरी, ठेचा आणि मसालेभात दिसतोच, कारण कार्तिकात पहिली चांगली वांगी येतात आणि चातुर्मासात वांगी न खाल्लेली माणसं त्यांच्यावर तुटून पडतात.

जेवण झाल्यावर आवळे वाटून घ्यायचे. मोठे, डाग नसलेले मोरावळ्याला, बाकीचे लोणच्याला, उरलेले किसून आवळासुपारीला. सुपारीला तीन-चार कडक उन्हं लागतात. ती ताटं गच्चीवर पडेपर्यंत सोलापूर-नगरकडच्या नातेवाइकांचे ज्वारी कितपत भरली आहे याचे फोन यायला लागतात, आणि हुरड्याला कोणाच्या शेतावर किती माणसं जायची यावर बोलणी सुरू होतात.