शहापूर ते मुरबाड : उडत गेले तर किती वेळ?

शहापूरहून मुरबाडला जाणारी एस. टी. गावे घेत, वळणे घेत जाते. वाटेत भातसा आणि काळू या नद्या आडव्या येतात, आणि जिथे पूल असेल तिथेच रस्त्याला जावे लागते. पक्ष्याला पुलाची गरज नाही. मग त्याला किती अंतर पडेल?

नकाशा घ्या. शहापूरचा अक्षांश सुमारे १९ अंश २७ मिनिटे, मुरबाडचा १९ अंश १५ मिनिटे. फरक १२ मिनिटांचा. (ही मिनिटे कोनाची, घड्याळाची नव्हेत!) अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ कि.मी., म्हणून मुरबाड २२ कि.मी. दक्षिणेला आहे. रेखांशात फरक सुमारे ३ मिनिटांचा. आपल्याकडे रेखांशाचे एक मिनिट सुमारे १.७५ कि.मी. भरते, म्हणून मुरबाड ५ कि.मी. पूर्वेलाही आहे. आता पायथागोरसचा सिद्धान्त वापरा. कर्ण येतो सुमारे २३ कि.मी. हे झाले हवाई अंतर.

ताशी ८०० कि.मी. वेगाच्या विमानाला हे अंतर पावणेदोन मिनिटांचे. पण तेवढ्यात त्याला धड उंचीही गाठता येणार नाही. आपण ताशी ४० कि.मी. वेगाने उडणारा पक्षी घेऊ. वारा नसेल तर जायला साडेचौतीस मिनिटे, जाऊन-येऊन ६९.

आता पावसाळा आहे आणि पश्चिम-नैऋत्येकडून ताशी २४ कि.मी. वेगाने वारा वाहतो आहे असे समजा. मुरबाडच्या वाटेला तो जवळजवळ काटकोनात येतो. पक्ष्याने चोच सरळ मुरबाडकडे ठेवली, तर साडेचौतीस मिनिटांत तो पूर्वेकडे जवळजवळ १४ कि.मी. भरकटेल. म्हणून त्याला वाऱ्याकडे थोडे तिरपे तोंड करून उडावे लागते. ४० हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण, त्यातले २४ वाऱ्याला तोंड देण्यात खर्च होतात आणि मुरबाडच्या दिशेने उरतात ३२. जायला ४३ मिनिटे, यायलाही ४३. एकूण ८६.

तोच पक्षी शहापूरहून वाऱ्याबरोबर, सह्याद्रीच्या दिशेने २३ कि.मी. जाऊन परत आला तर? वर्गात बहुतेकांचे उत्तर असते : जाताना जेवढा फायदा, येताना तेवढाच तोटा, म्हणजे पुन्हा ६९ मिनिटे. करून पाहा. जाताना वेग ६४, वेळ सुमारे २२ मिनिटे. येताना वेग १६, वेळ ८६ मिनिटे! एकूण १०८. वेगातली वाढ आणि घट सारखी असली, तरी पक्षी कमी वेगात जास्त वेळ राहतो. वारा ताशी ४० कि.मी. झाला, तर तो परत येणारच नाही.

आडव्या आणि उभ्या फेरीतला हाच फरक मायकेलसन आणि मोर्ले यांनी १८८७ साली प्रकाशकिरणांच्या बाबतीत शोधला. पक्ष्याच्या जागी प्रकाश होता आणि वाऱ्याच्या जागी 'ईथर'. अपेक्षित फरक सापडला नाही, आणि ईथरच्या कल्पनेलाच धक्का बसला.

विमानाचे इंधन ठरवताना मात्र वाऱ्याचा हिशेब धरावाच लागतो. मुंबई-नागपूर हवाई अंतर सुमारे ६८० कि.मी. आहे. विमानाचा वेग ताशी ८०० कि.मी. आणि मुंबईकडून नागपूरकडे वाहणारा वारा ताशी १०० कि.मी. धरून जाण्यायेण्याचा वेळ काढा. नंतर वारा २०० धरा आणि दोन्ही उत्तरे शेजारी मांडून पाहा.