दात थांबतात, जबडा थांबत नाही

मुलीचे लग्न चार महिन्यांवर आले की घरच्यांना तिच्या पुढे आलेल्या दातांची आठवण होते. "तेवढ्यात तारा लावून सरळ करून द्या" ही विनंती दंतवैद्यांना नवी नाही. उलट आठ वर्षांच्या मुलाच्या पुढच्या दोन दातांत फट दिसली की आईवडील धास्तावून दवाखाना गाठतात आणि लगेच तारा लावा म्हणतात. पहिल्या प्रसंगात निदान त्या मुहूर्तापुरता तरी उशीर झालेला असतो, तर दुसऱ्यात बहुधा काहीच करायचे नसते. आणि ज्यांच्या चेहऱ्याची ठेवण उपचारांनी सुधारू शकली असती, ती अकरा-बारा वर्षांची मुले "सगळे दात येऊ देत, मग बघू" म्हणून घरीच राहतात. सर्वांत जास्त हळहळ वाटते ती या मधल्या मुलांची. दात कोणत्याही वयात हलवता येतो, पण जबड्याच्या वाढीला दिशा देण्याची संधी वाढीच्या वर्षांतच मिळते.

दात म्हणजे जमिनीत घट्ट ठोकलेला खुंटा नव्हे. त्याचे मूळ आणि भोवतीचे हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. दातावर हलका, पण सतत दाब ठेवला की दाबाच्या बाजूला हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि मागे जिथे ताण पडतो तिथे नवे हाड घातले जाते. असा दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. घाईघाईने जोर वाढवला तर तंतूंचा रक्तपुरवठा तुटतो, दात उलट अडून बसतो आणि मूळ झिजण्याचा धोका वाढतो. पूर्ण उपचारांना दीड-दोन वर्षे लागतात ती यामुळेच. आजच्या निकेल-टायटॅनियमच्या तारा मूळ आकारात परतताना हा हलका दाब आठवडेच्या आठवडे देत राहतात. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडलेला हा मिश्रधातू १९७०च्या दशकात दातांच्या कामासाठी वापरात आला.

मुलाला पहिल्यांदा कधी दाखवायचे? अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांची, म्हणजे दात-जबडे सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची संघटना सात वर्षांचे वय सांगते आणि ते पटण्याजोगे आहे. या सुमारास पटाशीचे कायमचे दात येऊ लागलेले असतात आणि सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढही दिसते. ही दाढ दुधाची दाढ पडून तिच्या जागी येत नाही. ती सगळ्यांच्या मागे गुपचूप उगवते. त्यामुळे अनेक घरांत तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी "पडणारच आहे" म्हणून सोडून देतात. खरे तर दोन्ही जबड्यांची चावण्याची घडी तिच्यावर बसते. दुधाच्या दाढांचेही तसेच. शेवटची दुधाची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायची असते. ती आधीच काढावी लागली तर मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा जाते. अशा वेळी जागा राखणारी छोटी पट्टी बसवून घेतली, तर पुढचा मोठा उपचार टळू शकतो.

पुढच्या दातांतल्या त्या फटीबद्दल मात्र निर्धास्त राहावे. वरचे सुळे अकरा-बाराव्या वर्षी उतरताना बहुतेक मुलांमध्ये ती आपोआप मिटते. सातव्या वर्षी दाखवायचे ते तारा लावण्यासाठी नव्हे, तर थांबून चालणार नाही अशा गोष्टी हेरण्यासाठी: कायमचे दात आले तरी न सुटलेला अंगठा, तोंडाने श्वास घेण्याची सवय, वरच्या दातांच्या पुढे गेलेले खालचे दात. वरचा जबडा मागे राहिला असेल तर तो पुढे ओढणारा फेसमास्क दहा वर्षांच्या आत लावला तर सर्वांत चांगले काम करतो.

आपल्याकडे ज्याला सरसकट "दात पुढे" म्हणतात, त्यात पुष्कळदा खालचा जबडा मागे राहिलेला असतो. त्यावर स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ साली ट्विन ब्लॉक काढला. वर एक आणि खाली एक अशा दोन प्लेटा आणि त्यांवर तिरके कापलेले ठोकळे. तोंड मिटले की ठोकळ्यांच्या उतारावरून खालचा जबडा पुढे येऊनच बसतो. पहिले काही दिवस बोलणे बोबडे होते, लाळ सुटते, शाळेत चिडवले जाते. पण मूल उंचीने झपाट्याने वाढत असताना, म्हणजे मुली साधारण दहा ते बारा आणि मुलगे बारा ते चौदा वर्षांचे असताना, ही प्लेट काही महिने जवळजवळ दिवसभर लावली तर हनुवटीची ठेवण सुधारते. तो काळ निसटला की उरतात दोनच वाटा. दात काढून वरची रांग मागे घ्यायची किंवा वाढ थांबल्यावर जबड्याची शस्त्रक्रिया करायची.

उपदाढा काढायच्या म्हटल्या की घरात कुणीतरी म्हणतेच, "वरचा दात काढला की नजर अधू होते." यात तथ्य नाही. दाताच्या नसा वेगळ्या, डोळ्याला दृष्टी देणारी नस वेगळी. दाटी फार असेल तर जागा करावीच लागते, पण ते एक्स-रे आणि दातांचे साचे पाहूनच ठरायला हवे.

मोठ्यांना वयाची आडकाठी नाही, हिरड्यांची आहे. चाळिशीत पुढचे दात अचानक फाकू लागले तर बहुधा हिरड्यांच्या आजाराने हाड खचलेले असते. त्यावर आधी तारा लावणे म्हणजे दात गमावणे. हिरड्यांवर उपचार, मधुमेह आटोक्यात आणि तंबाखू बंद, मगच तारा. धातूचे ब्रॅकेट स्वस्त आणि भरवशाचे, सिरॅमिकचे कमी उठून दिसतात, तर दातांच्या आतून लावायचे महाग असतात आणि सुरुवातीला जिभेला टोचतात. चिक्की, ऊस, कडक चकली सगळ्यांनाच वर्ज्य.

अलाइनर हे पारदर्शक साचे १९९०च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले. दिवसात वीस-बावीस तास लावणार असाल आणि दाटी बेताची असेल, तर ते उत्तम. गोल मुळाचा सुळा फिरवणे किंवा काढलेल्या दाताची मोठी जागा भरणे यात ते तारांपेक्षा कमी पडतात. मात्र घरी ठसा घेऊन टपालाने साचे मागवण्याच्या वाटेला जाऊ नये. अमेरिकेत याच धंद्यात मोठी झालेली स्माइल डायरेक्ट क्लब ही कंपनी डिसेंबर २०२३मध्ये बंद पडली आणि अर्ध्यावर असलेले रुग्ण तसेच अडकले. ज्याने हाड, मुळे, हिरड्या तपासल्याच नाहीत, त्याच्या हाती दात द्यायचे तरी कसे?

तारा निघाल्या म्हणजे सुटलो, असेही नाही. तंतूंना नव्या जागी स्थिरावायला महिने लागतात. दात नव्या जागी धरून ठेवणारा रिटेनर सांगितला तितका काळ, पुढे वर्षानुवर्षे रात्री, लावावाच लागतो. कंटाळून तो डबीत पडून राहिला, तर दोन वर्षांचे काम वर्षभरात विस्कटते.

उपचार करणाऱ्याने बीडीएसनंतर तीन वर्षांचे एमडीएस ऑर्थोडॉन्टिक्समध्ये केले आहे का, हे विचारायला संकोचू नका. आणि खर्च परवडणार नाही म्हणून मुलाला घरी बसवण्याआधी जवळच्या दंत महाविद्यालयात जाऊन या. मुंबईत नायर आणि शासकीय दंत महाविद्यालय, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोव्यात बांबोळी, या सगळीकडे ऑर्थोडॉन्टिक्सचे विभाग आहेत. पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात आणि खर्च खासगीपेक्षा बराच कमी येतो. रांग असते, फेऱ्या जास्त होतात. म्हणूनच मूल दहावीला जाण्याची वाट न बघता आत्ताच केसपेपर काढा.