घरातली शाळा आणि श्रद्धेचं पुस्तक : लहान मुलांसाठी कॅथलिक अभ्याससाहित्य कसं निवडावं

रत्नागिरीतल्या या व्याख्यानात आज आपण एका अगदी घरगुती प्रश्नाबद्दल बोलणार आहोत. तीन ते आठ वर्षांच्या मुलांना घरीच शिकवायचं ठरवलं, किंवा शाळेत घालूनही धर्मशिक्षण घरी द्यायचं ठरवलं, तर कॅथलिक कुटुंबाने कोणती पुस्तकं, कोणतं साहित्य घ्यावं? आम्ही दोघांनी आमच्या दोन्ही मुलांना आठ वर्षांपर्यंत इथेच घरी शिकवलं. त्यात चुका केल्या, पैसे वाया घालवले. त्यातून जे कळलं ते आज मांडतो. श्रोत्यांमध्ये इतर धर्मांचेही पालक आहेत. नावं बदलली तर यातलं बरंचसं त्यांनाही लागू पडेल.

आधी कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण पहिला प्रश्न नेहमी तोच येतो. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. त्यातल्या कलम १० प्रमाणे मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे. पण ते न केल्यास पालकांना शिक्षा होईल अशी तरतूद त्यात नाही. घरशाळेला त्याने वेगळी मान्यताही दिलेली नाही. म्हणजे सहा वर्षांखालच्या मुलाला घरी शिकवण्यात काहीच अडचण नाही, आणि पुढे जायचं तर डोळे उघडे ठेवून जायचं. दोन दारं माहीत असू द्या. कलम ४ प्रमाणे सहा वर्षांपुढचं, शाळेत न गेलेलं मूल त्याच्या वयाच्या इयत्तेत दाखल होऊ शकतं. आणि महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची आणि आठवीची परीक्षा बाहेरून देता येते. ही दारं साहित्य निवडताना पुन्हा लागणार आहेत.

आता आमची चूक. मोठी मुलगी पाच वर्षांची होती तेव्हा आम्ही परदेशातून एक पूर्ण संच मागवला. वाचन, गणित, हस्ताक्षर, धर्मशिक्षण, सगळं एका खोक्यात. रोज कुठलं पान घ्यायचं तेही छापलेलं. पुस्तकं सुंदर होती, आणि धर्माच्या शिकवणीत त्यांत काही चूक नव्हती. पण गणितात नाणी परकी, मापं इंचांची. ऋतूंच्या पाठात चार ऋतू, आणि त्यात पावसाळाच नाही! रत्नागिरीत राहणाऱ्या मुलीला जून ते सप्टेंबर हा काळ तिच्या पुस्तकात सापडत नव्हता.

तेही चाललं असतं. खरा धक्का वेगळाच बसला. आमच्या घरात संध्याकाळी आजी कोकणीतून जपमाळ म्हणते. मुलगी चार वर्षांची असताना तिच्या मांडीला टेकून बसायची, अर्धवट शब्द म्हणायची. संच सुरू झाल्यावर वर्षभरात ती उठून जायला लागली. विचारलं तर म्हणाली, "ती आजीची प्रार्थना. माझी पुस्तकात आहे." आम्ही श्रद्धा घरात रुजावी म्हणून पैसे खर्च केले होते, आणि घरातल्या जिवंत प्रार्थनेपासूनच मुलीला लांब नेलं होतं. आजी काही बोलली नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

त्यानंतर आम्ही मागे वळून पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की हा प्रश्न आपल्या किनाऱ्यावर चारशे वर्षांपूर्वी एका माणसाने सोडवून ठेवलाय. फादर थॉमस स्टीफन्स. जन्म इंग्लंडमध्ये, १५४९ च्या सुमारास. हा जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आला आणि जवळजवळ चाळीस वर्षं, बहुतेक काळ साष्टीत, राहिला. त्याच्या काळी नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं सुटली होती आणि हातात नवं काही नव्हतं. शिकवणीच्या प्रसंगी एकाने त्याला हेच सांगितलं, आमच्या भाषेत वाचायला काही द्या, असं तो आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीला नोंदवतो. मग त्याने मराठीत, ओवीत, पुराणाच्या घाटात बायबलची कथा रचली. ते 'ख्रिस्तपुराण', रायतूर इथे १६१६ मध्ये रोमन लिपीत छापलेलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं.

पण गंमत पुढे आहे. याच माणसाने प्रश्नोत्तरांची धर्मशिक्षणाची पुस्तिका तयार केली ती मराठीत नाही, कोकणीत. ती त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापली गेली. म्हणजे एकाच शिक्षकाने, एकाच लोकांसाठी, दोन कामांना दोन भाषा वापरल्या. ऐकायची, गायची मोठी कथा साहित्याच्या भाषेत; आणि रोज तोंडात यायला हवी ती प्रार्थना आणि शिकवण घरात बोलतात त्या भाषेत. तो स्वतः इंग्रज होता, पोर्तुगीजांच्या राज्यात काम करत होता. पण इथल्या लोकांसाठी लिहिताना त्याने या दोन्ही भाषा बाजूला ठेवल्या.

आमचं म्हणणं एवढंच आहे : आधी खोका निवडू नका. आधी कामं वेगळी करा, प्रत्येक कामाला कुठली भाषा ते ठरवा, आणि मग पुस्तक शोधा. लहान मुलाच्या बाबतीत कामं चार. प्रार्थना, गोष्ट, शिकवण, आणि अक्षर-अंक. एकेक घेऊ.

प्रार्थना. ही घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या भाषेत. आजी कोकणीत म्हणत असेल तर कोकणी, मराठीत म्हणत असेल तर मराठी. यासाठी पुस्तक विकत घेण्याची गरज नाही. लागलंच तर आपल्या चर्चमध्ये वापरतात तेच प्रार्थनापुस्तक घ्या, म्हणजे घरी आणि मिस्सेत शब्द सारखे राहतात.

गोष्ट. इथे मुलाचं स्वतःचं जग कामाला येतं, आणि कोकण याबाबतीत श्रीमंत आहे. समुद्रात टाकलेल्या जाळ्याचा दृष्टांत घ्या. जाळं भरल्यावर किनाऱ्यावर ओढतात, बसून चांगले मासे टोपल्यांत भरतात, वाईट फेकून देतात. ही आपली रापण आहे! कुठल्याही चित्रापेक्षा एका सकाळी मुलाला रापण ओढताना दाखवून आणा. पेरणाऱ्याच्या दृष्टांतात काही बी खडकाळ जमिनीवर पडतं, लवकर उगवतं आणि मुळं खोल नसल्याने करपतं. जांभ्याच्या कातळावर जूनमध्ये उगवलेलं गवत दिवाळीनंतर कसं होतं ते आपल्या मुलाला सांगावं लागत नाही. खडकावरचं घर आणि वाळूवरचं घर, यासाठी तर सड्यावर उभं राहून खाली पुळणीकडे बोट दाखवलं की झालं. म्हणून गोष्टीचं पुस्तक घेताना एकच बघा : मोठ्याने वाचताना जीभ अडखळत नाही ना. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' मोठ्यांसाठी आहे, लहान मुलाच्या हातात देण्याचं नाही; पण पालकाने रात्री स्वतः वाचावं आणि सकाळी आपल्या शब्दांत सांगावं, यासाठी फार उपयोगी. त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आहे.

शिकवण. इथे मात्र काटेकोर राहायला हवं. मराठीत मुलांसाठी मिळणारी अनेक ख्रिस्ती पुस्तकं, तक्ते प्रॉटेस्टंट परंपरेतले असतात. त्यांत कमीपणा काही नाही. मराठी ख्रिस्ती साहित्य उभं करण्यात त्या परंपरेचा वाटा मोठा आहे, रेव्हरंड ना. वा. टिळक याच जिल्ह्यातल्या करजगावचे. पण फरक माहीत हवेत. कॅथलिक बायबलमध्ये ७३ ग्रंथ, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६. दहा आज्ञा दोघांच्या त्याच, पण क्रमांक वेगळे. खून करू नको ही आज्ञा कॅथलिक क्रमात पाचवी, बहुतेक प्रॉटेस्टंट तक्त्यांत सहावी. भिंतीवर एक तक्ता आणि चर्चच्या वर्गात दुसरा क्रम, असं झालं की सात वर्षांचं मूल गोंधळतं आणि आपणच चुकलो असं समजतं. प्रभूच्या प्रार्थनेचा शेवटही दोन्हीकडे वेगळा छापलेला असतो. हे आधी तपासा.

पुस्तकाच्या पहिल्या पानांवर 'इम्प्रिमातुर' आहे का तेही पाहा. म्हणजे ते छापायला बिशपांची परवानगी. मात्र त्याचा अर्थ एवढाच की शिकवणीला बाधक असं त्यात काही नाही. पुस्तक मुलाला समजेल, आवडेल, याची ती हमी नाही. आमच्या खोक्यातल्या पुस्तकांवर इम्प्रिमातुर होतं! आणि पहिल्या कम्युनियनचा विचार करून सहाव्या वर्षाच्या आसपास आपल्या धर्मगुरूंना भेटा. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी त्यासाठी सुमारे सात वर्षं हे वय सांगितलं. तयारीला जे पुस्तक चर्च वापरतं तेच घरी वापरायचं. आपल्या जिल्ह्यात कॅथलिक कुटुंबं थोडी आणि विखुरलेली. मंडणगडपासून राजापूरपर्यंत अनेकांना दर रविवारी वर्गाला जाणं जमत नाही. त्यांनी तर हे पुस्तक आधी मागून घ्यावं.

अक्षर-अंक. इथे धर्माचा शिक्का असलेलं पुस्तक शोधू नका. बेरीज कॅथलिक नसते. बालभारतीची पाठ्यपुस्तकं संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात, आणि मघाशी सांगितलेली ती दोन दारं उघडी ठेवायची तर तीच सोयीची. उद्या घरातलं कुणी आजारी पडलं, नोकरी बदलली, किंवा मुलालाच शाळेत जावंसं वाटलं, तर त्याला परकं वाटू नये. परदेशी संचावर तिसरीपर्यंत वाढलेलं मूल मराठी शाळेत बसवताना काय होतं ते आम्ही पाहिलंय. मूल हुशार असतं, आणि तरी वर्गात गप्प असतं.

साधनांवर खर्च करण्याआधी ताराबाई मोडकांची आठवण करा. मॉन्टेसोरींची पद्धत त्यांनी आणि अनुताई वाघांनी बोर्डीत आणि पुढे कोसबाडला नेली तेव्हा महागडी साधनं परवडणारी नव्हती. त्यांनी शंख, शिंपले, बिया, पानं, खडे घेतले, आणि मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. दुसरीकडे रोममध्ये १९५४ पासून सोफिया कावालेत्ती आणि जान्ना गोब्बी यांनी मॉन्टेसोरींच्याच वाटेने धर्मशिक्षणाची एक पद्धत घडवली. त्यात तीन वर्षांच्या मुलाला लाकडी मेंढरं आणि मेंढपाळ देऊन चांगल्या मेंढपाळाचा दृष्टांत सांगतात, मग ते मूल गप्प राहून त्यांच्याशी खेळतं. हे दोन धागे आपल्या अंगणात सहज जुळतात. मेंढरं सुताराकडून करून घ्या, नाहीतर मातीची करा. आमची मातीची होती, एकाचा पाय पहिल्याच दिवशी तुटला. हरवलेलं मेंढरू म्हणून मुलांनी तेच निवडलं.

वेळ किती? पाच वर्षांच्या मुलाला टेबलाशी बसवून दिवसाला एक तास पुरे, तोही तुकड्यांत. बाकी शिक्षण कामातून होतं. याच जिल्ह्यातल्या पालगडचे साने गुरुजी. त्यांच्या 'श्यामची आई'मध्ये आईकडे कुठलाच अभ्यासक्रम नाही. पाय मळू नयेत म्हणून जपणाऱ्या मुलाला ती तिथल्या तिथे मनाबद्दल सांगते. ते घर हिंदू, आपलं कॅथलिक. पण शिकवण्याची रीत उसनी घेण्यात संकोच कशाला?

आणि एक इशारा. घरशाळा म्हणजे कुंपण नव्हे. आपल्या मुलाचे बहुतेक शेजारी, पुढचे मित्र, इतर धर्मांचे असणार. इतरांबद्दल तुच्छतेने बोलणारं पुस्तक, मग ते कितीही धार्मिक असो, घरात आणू नका. गणपतीला शेजारी जाऊन मोदक खाणाऱ्या आणि नाताळात शेजाऱ्यांना करंज्या नेऊन देणाऱ्या मुलाला श्रद्धा कळत नाही, असं आम्हाला कधी दिसलं नाही.

आमची मुलगी आता मोठी आहे. खोकं आम्ही बंद केलं, त्यातली चित्रांची दोन पुस्तकं तेवढी ठेवली. जपमाळेला परत बसायला तिला सहा-सात महिने लागले, आणि तेही आम्ही सांगून नाही. एका संध्याकाळी आजीला खोकला आला, शब्द अडला, आणि पुढचा शब्द स्वयंपाकघरातून हिने कोकणीत पूर्ण केला.

प्रश्न असतील तर आता विचारा. ज्यांना सध्या घरात असलेली पुस्तकं दाखवायची आहेत त्यांनी ती समोरच्या टेबलावर ठेवावीत, आपण एकत्र बघू.